सायकल आणि घरातली किरकोळ दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी एक सामायिक हत्यारपेटी उघडते. सुरुवात मुलांच्या सायकलींच्या पंक्चरपासून झाली. मग कुणी गळका नळ हातात घेऊन आलं, कुणी पंख्याचा कॅपॅसिटर. आठवडाभर फोनवर फोटो येतात आणि खाली तेच ते प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. प्रश्नांना क्रमांक दिलेत, म्हणजे एका उत्तरातलं दुसऱ्यात परत सांगायला नको. आणि एक आधीच सांगून ठेवतो. "काका, किती आवळू?" असं विचारत जे येतात, त्यांच्यातल्या निम्म्यांना आवळायचं काहीच नसतं. कुठून गळतंय, कुठे घासतंय, हे आधी बघायचं असतं.

१. घरात हत्यारं कोणती ठेवावीत? शंभर नगांचा सेट मिळतोय, घेऊ का?

नको. त्यातले नव्वद नग डब्याबाहेर निघत नाहीत आणि उरलेल्या दहांची टोकं दोन महिन्यांत झिजतात. पक्कड, एक चपटा आणि एक फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, १० इंची ॲडजस्टेबल पाना, ४-५-६ मिमीच्या ॲलन की, १५ चा पाना, टेस्टर, टेफ्लॉन टेप, सायकलचा पंप आणि पंक्चरचं सामान एवढ्यावर या पानावरची बहुतेक कामं होतात. १५ चा पाना वेगळा सांगतोय, कारण पेडलं आणि बऱ्याच सायकलींच्या मागच्या चाकाचे नट त्यानेच फिरतात. ॲडजस्टेबल पान्याचं जाड तोंड पेडलच्या फटीत शिरत नाही.

२. पंक्चर घरी काढता येतं का? चाक खोलावं लागतं का?

येतं, आणि चाक खोलायचं बहुतेक वेळा कारण नसतं. रस्त्याकडेचा पंक्चरवाला बघा. तो सायकल आडवी करतो, टायरची एकच बाजू रिमबाहेर काढतो आणि ट्यूब ओढून घेतो. आपणही तेच करायचं.

हवा पूर्ण सोडा. व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायरची कड लिव्हरने उचला. लिव्हर नसेल तर चमच्याचा दांडा चालतो, पण तो फार आत घातला की ट्यूबला चिमटा बसतो आणि एकाची दोन पंक्चरं होतात. ट्यूब बाहेर घेऊन थोडी हवा भरा आणि घमेल्यातल्या पाण्यातून वीतवीतभर सरकवत न्या. बुडबुडे दिसले की ती जागा पेनने मोठी फुली मारून ठेवा. बारीक ठिपका काढाल तर पुढच्या घासण्यात तोच पुसला जाईल.

आता हवा सोडून ट्यूब कोरडी करा आणि पॅचपेक्षा थोड्या मोठ्या जागेवर पॉलिश पेपर मारा. ट्यूबची चकाकी जाऊन रबर काळपट, खरखरीत दिसायला हवं. त्यावर सोल्युशनचा पातळ हात फिरवा आणि थांबा. इथेच सगळे चुकतात. ओल्या सोल्युशनवर पॅच दाबला की तो आज बसतो आणि उद्या एका कडेने उचलतो. तीन ते पाच मिनिटांनी सोल्युशनची ओली चमक जाते, तेव्हा पॅच ठेवायचा आणि मधून कडेकडे जोर लावत दाबायचा. बोट लावून "सुकलं का" बघू नका, बोटाचं तेल तिथेच राहतं.

टायर परत बसवण्याआधी त्याच्या आतून कापडाचा बोळा फिरवा (का, ते प्रश्न ३ मध्ये). ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत सरकवा. टायरची कड व्हॉल्व्हच्या समोरून बसवायला सुरुवात करून शेवट व्हॉल्व्हपाशी करा आणि अंगठ्यांनीच बसवा. शेवटी व्हॉल्व्ह एकदा आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे ट्यूब कडेखाली दबलेली राहत नाही.

३. पंक्चर काढलं तरी दोन दिवसांत पुन्हा. ट्यूब खराब आहे का?

ट्यूबवर आळ घेण्याआधी भोक कुठे आहे ते बघा. ट्यूबच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे रस्त्याच्या बाजूला असेल तर बाभळीचा काटा किंवा बारीक तार अजून टायरमध्येच आहे. बाहेरून ती दिसत नाही. आतून कापड फिरवलं की धागा अडकतो. आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर रिम टेप (स्पोकची टोकं झाकणारी रिमच्या आतली पट्टी) सरकलीय किंवा स्पोकचं टोक वर आलंय. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चावली, तेव्हा प्रश्न ५ वाचा. व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली असेल तर पॅच टिकणार नाही, ट्यूब बदला.

एक सवय लावून घ्या. टायरवरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हपाशी येईल असा टायर बसवा. मग ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली नेमकी जागा लगेच सापडते.

४. पंक्चर नाही, पण हवा रोज थोडी उतरते.

जुन्या पद्धतीच्या काळ्या सायकलीत व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते, दुकानात वॉलट्यूब म्हणून मागतात. ती सुकून चिरते. हवा सोडून व्हॉल्व्ह काढा, जुनी नळी सोलून टाका, नवी थुंकीने ओली करून चढवा. पाच मिनिटांचं आणि किरकोळ पैशांचं काम आहे. मोटारसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या तोंडावर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा फुगला तर आतली पिन आवळा किंवा बदला. दोन्हीकडे काही सापडलं नाही आणि टायर बारीक, जास्त दाबाचा असेल तर आठवड्याला थोडी हवा उतरणं हा दोष नाही.

५. हवा किती भरायची? पेट्रोल पंपावर भरली तर चालते का?

टायरच्या कडेवर आकडा छापलेला असतो, तो अंतिम. ढोबळ सांगायचं तर जाड गोट्यांच्या टायरला ३० ते ५० पीएसआय, हायब्रिडला ५० ते ७०, रेसिंगच्या बारीक टायरला ८० ते १००. वजन जास्त किंवा कॅरिअरवर कुणी बसणार असेल तर वरच्या आकड्याकडे जा. पावसात निसरड्या रस्त्यावर जरा कमी ठेवा.

पेट्रोल पंपाचं मात्र जपून. सायकलच्या ट्यूबमध्ये जागा थोडी असते, त्यामुळे तिथला दाब दोन-तीन सेकंदांत ती फोडू शकतो. एकेक झटका देऊन अंगठ्याने टायर दाबत राहा. वॉलट्यूबच्या व्हॉल्व्हला तिथलं नोझल बसतच नाही, रेसिंगच्या बारीक व्हॉल्व्हलाही ॲडॅप्टर लागतो.

६. २६ चा टायर होता म्हणून २६ चाच आणला, तरी बसत नाही! दुकानदाराने फसवलं का?

बहुधा नाही. २६ इंच नावाचे टायर एकापेक्षा जास्त आहेत. २६ × १ ३/८ चा टायर ५९० मिमीच्या रिमवर बसतो. माउंटन सायकलचा २६ × १.९५ किंवा २६ × २.१ बसतो ५५९ मिमीच्या रिमवर. तीन सेंटिमीटरचा फरक आहे, ओढून ताणून जमणार नाही. २८ चंही तसंच. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८ × १ १/२ म्हणजे ६३५ मिमी, आणि ७०० सी नावाच्या ज्या टायरवर कधी कधी २८ लिहिलेलं असतं तो ६२२ मिमी. २९ इंची माउंटन सायकलची रिमही ६२२ चीच.

इंच बघूच नका. टायरच्या कडेवर ३७-६२२ किंवा ५२-५५९ असे दोन आकडे असतात. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे, पहिला थोडा इकडेतिकडे चालतो. दुकानात जाताना त्याच आकड्याचा फोटो न्या.

७. चेनला खोबरेल तेल चालतं का? आणि डब्ल्यूडी-४०?

खोबरेल नको. पुण्या-नाशकाच्या थंडीत ते बाटलीत गोठतं तसंच चेनवरही गोठतं. गोडेतेल तर महिन्याभरात धुळीचा चिकट लगदा होतं. शिलाई मशीनचं तेल अडीनडीला चालेल, पण एका पावसात धुऊन जातं.

डब्ल्यूडी-४० बद्दल गैरसमज फार. त्याच्या नावातच पाणी हटवणं आहे. १९५३ मध्ये चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं ते मिश्रण, म्हणून ४०. भिजलेली किंवा जाम झालेली चेन सोडवायला आणि साफ करायला उत्तम, पण त्यानंतर चेनचं तेल वेगळं द्यावंच लागतं.

तेल द्यायची रीत अशी. चेन आधी कापडाने पुसा. खालच्या पट्ट्यावर, आतल्या बाजूने, प्रत्येक रोलरवर एक थेंब टाकत पेडल उलटं फिरवा. दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं तेल पुसून टाका. तेल रोलरच्या आत हवं. बाहेर राहिलेलं फक्त धूळ आणि पँटचा पाय गोळा करतं.

८. चेन सारखी उतरते. नवीन टाकू?

साध्या, बिनगिअरच्या सायकलीत चेन सैल झालेली असते. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली करून बघा, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खेळ ठीक. जास्त असेल तर मागच्या चाकाचे दोन्ही नट सैल करून चाक मागे ओढा, चाक फ्रेमच्या बरोबर मध्ये आहे ना ते बघा आणि नट आवळा.

गिअरच्या सायकलीत मागच्या डिरेलरवर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) एच आणि एल असे दोन बारीक स्क्रू असतात. चेन सर्वांत लहान चक्राच्या बाहेर, फ्रेमकडे पडत असेल तर एच, मोठ्या चक्रावरून स्पोकांत पडत असेल तर एल, पाव पाव आटा घड्याळाच्या दिशेने. पण सायकल उजव्या बाजूवर पडल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर स्क्रूला हात लावू नका. डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय. तो सरळ केल्याशिवाय कुठलाच स्क्रू जुळणार नाही आणि चढावर डिरेलर स्पोकांत गेला तर चाकही जाईल.

नवीन चेन लागणार का, हे शाळेच्या फूटपट्टीने कळतं. चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा. चेन चांगली असेल तर बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. १/१६ इंच पुढे गेला तर चेन बदला. १/८ गेला तर चेनबरोबर मागची चक्रंही झिजलीत, त्यांच्यावर नवी चेन घसरेल.

९. ब्रेक दाबला की सायकल किंचाळते. तेल टाकू का?

ब्रेकवर तेल! हा प्रश्न मला दोनदा आलाय, म्हणून लिहितोच: कधीही नाही. रिम भांड्याच्या साबणाने धुवा, ब्रेकच्या रबरावर पॉलिश पेपर मारा, त्यात रुतलेले धातूचे कण सुईने काढा. तरी आवाज आला तर रबर असं बसवा की पुढची कड मिलिमीटरभर आधी टेकेल. रबरावरच्या खाचा नाहीशा झाल्या असतील तर बदला. नवीन रबर रिमवरच टेकतंय ना, टायरला घासत नाही ना, हे दोन्ही बाजूंनी बघा. टायरला घासणारा ब्रेक आठवड्यात टायर कापतो.

ब्रेक लांब लागत असेल तर लिव्हरपाशी केबल जिथे आत शिरते तिथला गोल नट बाहेरच्या दिशेने फिरवा, केबल ताणली जाते. डिस्क ब्रेक असेल तर चकतीला बोटसुद्धा लावू नका. पॅडला तेल लागलं असेल तर ते बहुधा बदलावेच लागतात.

१०. डावं पेडल निघतच नाही. पाइप लावून जोर दिला तरी.

थांबा, तुम्ही ते आणखी आवळताय. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवं-डावं आठवत बसण्यापेक्षा हे लक्षात ठेवा: पाना पेडलवर उभा, मूठ वर करून धरा आणि मागच्या चाकाकडे ओढा, पेडल सुटतं. पुढच्या चाकाकडे ढकला, आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. नव्या पेडलांवर एल आणि आर कोरलेलं असतं.

हे ज्ञान मला क्रँकचे, म्हणजे पेडल ज्या दांड्याला लागतं त्याचे, आटे खाऊन मिळालं आहे. बारावीत असताना नवं पेडल चुकीच्या बाजूला, हातोडी मारून मारून बसवलं होतं. आटे सुरुवातीला बोटांनीच लागायला हवेत आणि थोडं ग्रीस लावून. दोन फेऱ्यांत अडलं तर काढा आणि परत लावा.

पेडल घट्ट आहे, पण दर फेरीला पायाखाली टक्क होतंय, अशी तक्रार काळ्या सायकलवाल्यांची असते. ती कॉटरची, म्हणजे पेडलचा दांडा मधल्या आसाला पक्का धरणाऱ्या पाचरीसारख्या खिळीची. नुसता नट आवळून ती चार दिवस गप्प बसते. नवी कॉटर ठोकून बसवायची आणि हे काम दुकानातच करा.

११. चाक डग मारतंय. आउट घरी काढता येईल का?

थोडंसं असेल तर. सायकल उलटी करा, चाक फिरवा आणि ब्रेकचं रबर हाच काटा समजा. रिम उजव्या रबराला जिथे घासते तिथे खडूची खूण करा. स्पोक आळीपाळीने हबच्या (चाकाच्या मधल्या गोल भागाच्या) डाव्या आणि उजव्या कडेला जातात. रिम उजवीकडे गेली असेल तर त्या भागातले डावीकडे जाणारे स्पोक पाव फेरी आवळा, उजवीकडचे पाव फेरी सोडा. पाव म्हणजे पावच. काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात. त्यातल्या तिघांना पूर्ण फेरी दिलीत तर चाकाचं अंडं होतं, आणि मग ते माझ्याच्यानेही सरळ होत नाही. खड्ड्यात रिमलाच खोक पडली असेल तर नवी रिम.

१२. नळ बंद केला तरी थेंब थेंब गळतो. नळ बदलायचा का?

वॉशर बदला. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. रात्रभर खाली बादली ठेवून बघा, म्हणजे काम पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही.

आधी अँगल कॉक (बेसिनखाली भिंतीतला छोटा नळ) किंवा माळ्यावरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या. बेसिनच्या भोकात फडकं कोंबा, कारण तो एक बारीक स्क्रू हमखास तिथेच जातो. मूठ काढा, खालचा मोठा नट पान्याने सोडवा, आतला दांडा बाहेर येईल. त्याच्या टोकाला दबून वाटीसारखा झालेला रबरी वॉशर दिसेल. घरगुती नळ बहुतेक अर्धा इंची असतात, तरी जुना वॉशर खिशात घालूनच दुकानात जा. नवा घालूनही गळलं तर वॉशर ज्या कडेवर टेकतो ती पितळी कड चरली आहे. तेव्हा नळ बदला.

पाव फेरीत बंद होणाऱ्या नळात वॉशर नसतो, कार्ट्रिज असतं. त्याच्या दांड्यावरचे दाते कंपनीगणिक वेगळे, त्यामुळे तेही सोबत न्यावं लागतं. आणि हे नळ जोराने आवळून गळती थांबत नाही, उलट मूठ तुटते.

१३. टेफ्लॉन टेप लावूनही जोडातून गळतं.

टेप उलटी गुंडाळली असणार. आट्यांचं टोक आपल्याकडे करून धरा आणि घड्याळाच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलट गुंडाळली तर नळ फिरवताना तीच टेप उलगडत बाहेर येते. आपल्याकडची टेप पातळ असते, दहा-बारा वेढे घाला, पहिला आटा मोकळा सोडा. नळ सरळ यावा म्हणून आवळून झाल्यावर मागे फिरवू नका. फिरवलात तर टेप काढून पहिल्यापासून. जुने प्लंबर अजून सूत आणि सफेदा लावतात. लोखंडी पाइपाला ते फार छान बसतं. प्लॅस्टिकच्या आट्यांवर मात्र टेपच आणि हाताने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धी-पाऊण फेरी, नाहीतर सॉकेट तडकतं, तेही भिंतीच्या आत.

१४. चालू पाण्याच्या पाइपला एम-सील लावलं, टिकत नाही.

दाबाखाली ओल्या पाइपला ते चिकटणारच नाही. पाणी बंद, पाइप कोरडा, पॉलिश पेपर मारलेला, दोन्ही पुड्या सारख्या घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळलेल्या, एवढं केलं तर टाकीच्या किंवा सांडपाण्याच्या पाइपला चांगलं राहतं. दाबाच्या पाइपला ती पाहुणे जाईपर्यंतची सोय समजा.

१५. फ्लशची टाकी सारखी भरत राहते. बिल वाढलंय.

टाकीत खायच्या रंगाचे पाच-सहा थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. (हळद नको, टाकी कायमची पिवळी होते. विचारा आमच्या घरी.) भांड्यात रंग उतरला तर तळाचं रबर गेलंय किंवा त्याखाली क्षार जमलेत. आधी पुसून बघा. रंग उतरला नाही, पण टाकीतलं पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडापर्यंत चढलेलं असेल तर फ्लोट खाली करा. पाणी नळीच्या तोंडाखाली बोटभर थांबायला हवं.

१६. बेसिन तुंबलंय. ॲसिड ओतू?

खाली बॉटल ट्रॅप आहे, तो आधी उघडा. बादली ठेवा, खालची वाटी हाताने फिरवा. आत केस, दाढीचं फेसाळ आणि एखादं कानातलं निघेल. वाटीतली रबरी चकती परत सरळ बसवा, नाहीतर तिथून गळेल. ॲसिडने ट्रॅपचा मुलामा जातो, केस जात नाहीत. आणि टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही नको. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

१७. महिनाभर गावी होतो. आल्यापासून बाथरूममधून घाण वास येतोय.

मोरीत दोन तांबे पाणी ओता. जाळीखाली जो नहाणी ट्रॅप असतो (आपल्या न्हाणीशी नातं सांगणारा हा शब्द इंजिनिअरांच्या इंग्रजी नकाशांतही तसाच लिहितात) त्यात साठलेलं पाणी हीच वासाची आणि झुरळांची अडवणूक असते. घर बंद राहिलं की ते सुकतं. गावी जाताना मोरीच्या जाळीवर ओलं फडकं आणि वर पाट ठेवून जा. रोज वापरातल्या बाथरूममधून वास येत असेल तर कुणीतरी साफ करताना ट्रॅपच्या आतली वाटी काढून परत ठेवलेली नसते, ती शोधा.

१८. पंखा फुल्लवरही हळू फिरतो.

मेन बंद करून पाती हाताने फिरवा. जड फिरली किंवा करकरली तर बेअरिंग, वाइंडरकडे न्या. हलकी फिरली, आणि बटण लावल्यावर काठीने ढकललं की पंखा पळतो, तर कॅपॅसिटर गेलाय. वरच्या वाटीत तो पांढरा डबीसारखा असतो. घरगुती पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा, पण जुन्यावरचा आकडा वाचूनच आणा. मोठा टाकला तर जास्त वेग मिळत नाही, वाइंडिंग तापतं. नुसतं बटण बंद करून वर चढू नका. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर असतं आणि पंख्यात करंट उभाच असतो. मेन बंद, टेस्टरने खात्री, मगच शिडी. कॅपॅसिटरमध्ये मेन बंद केल्यावरही चार्ज राहू शकतो, त्याच्या दोन वायरी एकदम बोटांत धरू नका.

१९. एमसीबी सारखा पडतो. मोठा टाकून घेऊ?

नको, आणि जो इलेक्ट्रिशियन वायर न बघता हो म्हणेल त्यालाही नको म्हणा. एमसीबी भिंतीतल्या वायरीला वाचवतो. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. दिवे-पंख्यांच्या ६ अँपिअरच्या लाइनवर तो लावला तर एमसीबी पडणं हेच बरोबर आहे.

त्या लाइनवरचे सगळे प्लग काढा, एमसीबी वर करा, एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडला ती दोषी. काहीही न लावता पडत असेल तर वायरिंगमध्ये दोष आहे, माणूस बोलवा. पडतोय तो एमसीबी की आरसीसीबी, हेही बघून ठेवा. ज्यावर टी लिहिलेलं छोटं बटण असतं तो आरसीसीबी. घरातला सहसा ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर पडतो. पावसाळ्यात तो पडायला लागला तर ओल आलेला बाहेरचा बोर्ड किंवा गीझरची कॉइल आधी तपासा. तो बाजूला काढून थेट जोडणी करणारे महाभाग आहेत. त्यांच्या घरी मी नळाला हात लावत नाही.

२०. भिंतीत ड्रिल आतच जात नाही. बिट बोथट आहे का?

भुकटीचा रंग बघा. पांढरी म्हणजे अजून प्लास्टर, लाल म्हणजे वीट. दीड-दोन सेंटिमीटरनंतर करडी भुकटी आणि ड्रिल थरथरतंय, म्हणजे बीम किंवा कॉलम लागलाय. हॅमर मोड चालू आहे ना ते बघा, नाहीतर जागा बदला. ६ मिमीच्या गुट्टीला ६ चाच बिट. बिटला चिकटपट्टी लावून खोली ठरवा आणि भोकाखाली जुनं पाकीट उघडं चिकटवा, सगळी भुकटी त्यात पडते. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका. वायरी तिथूनच जातात. टाइलवर चिकटपट्टी लावून, हॅमर मोड बंद करून सुरुवात करा.

नव्या इमारतींत हलक्या पांढुरक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात बिट लोण्यासारखा जातो आणि नेहमीची गुट्टी स्क्रूसकट बाहेर येते. त्यासाठी लांब, वेगळ्या गुट्ट्या मिळतात. टीव्ही टांगण्याआधी तुमची भिंत कसली आहे हे विचारून घ्या.

२१. पावसाळ्यात दार अडकतं. सुताराकडून रंधा मारून घेऊ?

श्रावणात मारलेला रंधा मार्चमध्ये फट होऊन दिसतो. आधी बिजागरीचे स्क्रू बघा. दार फुगलंय असं वाटतं, पण अनेकदा वरची बिजागरी सुटून दार खाली झुकलेलं असतं. स्क्रू नुसता फिरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या कोंबा, सुकू द्या, परत आवळा. खरंच फुगलं असेल तर जिथे घासतं तिथे मेणबत्ती घासून पावसाळा काढा. दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर रंधा. आणि दाराची वरची व खालची कड रंगवून घ्या. तिथे कुणाची नजर जात नाही म्हणून ती कोरी सोडलेली असते आणि ओल तिथूनच आत जाते.

कुलपात किल्ली जड फिरत असेल तर तेलाऐवजी पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घाला. तेलाने धूळ धरते. फाटकाचं पावसात भिजणारं कुलूप एवढाच अपवाद, त्याला तेलच.

२२. भिंतीला पोपडे आलेत. पुट्टी मारून रंग देऊ?

ओल कुठून येते हे कळल्याशिवाय दिलेला रंग पुढच्या पावसात पोपड्यांसकट खाली येतो. फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवा. ओल प्लॅस्टिकच्या मागे आली तर ती भिंतीतून येतेय. मग वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरची भेग, गच्चीचा उतार, या क्रमाने शोधा. प्लॅस्टिकच्या वर आली तर खोलीतली दमट हवा, खिडकी उघडा. पांढरा खार, म्हणजे लोणा, कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुवू नका. रंग दिवाळीनंतर.

२३. गॅसची ज्योत पिवळी येते आणि भांडी काळी होतात. आणि कधी कधी वासही येतो.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पिवळी ज्योत म्हणजे बर्नरची भोकं उतू गेलेल्या दुधाने बुजलीत. बर्नर गार झाल्यावर काढा, पिनने भोकं मोकळी करा, धुऊन पूर्ण सुकवून लावा.

वास आला तर मात्र दुरुस्ती नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालूही नको आणि बंदही नको, बाहेर जाऊन १९०६ ला फोन. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, म्हणून दार उघडायचंच. नेहमीची तपासणी साबणाच्या फेसाने करा, काडी पेटवून कधीही नाही. रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलायची, तारीख नळीवर छापलेली असते. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर बी-२८ असं काही दिसतं ती पुढच्या चाचणीची मुदत: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे तिमाही, आकडा वर्षाचा. मुदत उलटलेला सिलिंडर दारातूनच परत करा.

२४. काका, तुम्ही घरी येऊन करून द्याल का?

नाही हो. पेटी न्या, फोटो पाठवा, अडलात तर फोन करा. रविवारी दहापर्यंत मी खाली असतोच. फक्त नेलेलं परत आणा. १५ चा पाना गणपतीपासून पेटीत नाही, आणि प्रश्न १० विचारणारे तिघेजण तेव्हापासून थांबलेत.